डावीकडचं अपेंडिक्स

ताई वाचली. हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. ताई आता पुण्यात असते, शाळेत भूगोल शिकवते आणि माझ्यापेक्षा दोन पोळ्या जास्त खाते. सांगून झालं. आता हे विसरा. कारण आमच्या घरच्यांच्या मते ताई कधी धोक्यात नव्हतीच, त्यामुळे ती वाचण्याचा प्रश्नच येत नाही.

तर मिरजेच्या त्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आम्ही ताईला कुठला आजार द्यायचा हे ठरवत बसलो होतो.

"मुतखडा?" अप्पा म्हणाले.

"नको," ताईच्या सासूबाई म्हणाल्या. "आमच्यात मुतखडा पुरुषांना होतो."

"पित्ताशय?"

"एवढ्या लहान वयात? लोक म्हणतील सासरी तेलकट घालतात."

"टायफॉईड," आई म्हणाली.

"टायफॉईडला इथं मिरजेला कशाला आणलं, तासगावात डॉक्टर मेले का, असं विचारतील," अप्पा म्हणाले. ते बेदाण्याच्या सौद्यात मुरलेले. समोरचा काय विचारेल हे त्यांना आधीच कळतं.

दाजी, म्हणजे ताईचे मिस्टर, डाळिंब सोलत होते. वर ताईला द्यायचं म्हणून सोलायला घेतलेलं, पण एकेक दाणा काढून ते डिशमध्ये लावत होते आणि वर काही नेत नव्हते.

"अपेंडिक्स," अप्पा म्हणाले.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. अपेंडिक्समध्ये कुणाचा दोष नसतो. अपेंडिक्स कुठल्याही घराण्यात होऊ शकतं. आणि मुख्य म्हणजे ते काढून टाकलं की कुणी हळहळत नाही.

वर तिसऱ्या मजल्यावर ताई होती. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत कळलं होतं की बाळाच्या डोक्याची कवटी तयारच झालेली नाही, आणि मेंदूही. हे बाळ जगणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कायद्याप्रमाणे दोन डॉक्टरांनी मत दिलं, ताईने सही केली, गोळ्या दिल्या, आणि मग दिवसभर तिला कळा आल्या. सगळं बाळंतपणासारखंच. फक्त शेवटी कुणी रडलं नाही. बाळ तर नाहीच, आणि ताईला आईने सांगितलं, "हळू गं राणी, बाहेर ऐकू जाईल."

आमच्यात पाचवा पूर्ण झाल्याशिवाय दिवस गेल्याचं कुणाला सांगत नाहीत. नजर लागते. त्यामुळे ही बातमी आम्हा घरच्यांच्या बाहेर कुणालाच नव्हती. ताई ढगळ ड्रेस घालून शाळेत जात होती आणि सहकारी शिक्षिका तिला पोळी-भात कमी करायचा सल्ला देत होत्या. आता जे जाहीरच केलं नव्हतं ते रद्द कसं करणार, असा हा तांत्रिक पेच होता.

"पण खरं सांगितलं तर काय होईल?" मी विचारलं. मी तेव्हा बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या वयात असले प्रश्न पडतात.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या वाईट नव्हत्या. रात्रभर त्याच ताईच्या पायाशी बसल्या होत्या.

"मनू, सोनोग्राफी झाली आणि लगेच पाडलं, म्हटलं की लोक काय म्हणतील? मुलगी होती म्हणून पाडलं. लोकांना कवटी-बिवटी कळत नाही गं."

लोक खरंच तेच म्हणाले असते. त्यातले निम्मे कौतुकाने म्हणाले असते.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर मगदूम मॅडमनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. त्याआधी सुरुवातीला सहीच्या वेळी त्यांचा आणि घरच्यांचा थोडा खटका उडाला होता. दाजींनी पेन काढून "मी कुठं सही करू?" असं विचारलं होतं, आणि मॅडम म्हणाल्या होत्या, "तुमची लागत नाही. फक्त यांची लागते." अप्पांनी "मग वडिलांची?" असं विचारून बघितलं. तीही लागत नव्हती. एवढा खर्चाचा कार्यक्रम आणि घरातल्या एकाही पुरुषाची सही नाही, हे अप्पांना शेवटपर्यंत बेकायदेशीर वाटत होतं.

"आता नीट ऐका," मॅडम म्हणाल्या. "गर्भपात जितका उशिरा, तितका धोका थोडा वाढतो. बहुतेक बायकांना काहीही होत नाही, हिलाही होणार नाही. पण कधी कधी वारेचा तुकडा आत चिकटून राहतो. सोनोग्राफी करून सोडतोय, तरी लक्ष ठेवा. रक्त जास्त जायला लागलं, ताप आला, थंडी वाजली, घाण वास यायला लागला, तर थांबायचं नाही. सरळ इकडे आणायचं. कळलं?"

"हो हो," सगळे म्हणाले.

"आणि हिला दूध येईल. शरीराला कळत नाही ना. घट्ट ब्रा घाला, पिळू नका, गोळी दिलीय. ती रडली तर रडू द्या."

"हो हो."

"काही विचारायचं?"

"मॅडम," अप्पा म्हणाले, "अपेंडिक्सला टाके किती पडतात?"

ताईला तासगावला आमच्याकडे आणलं. विश्रांतीसाठी. आता तासगावात माहेरी आलेल्या आजारी मुलीला विश्रांती मिळणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. ऑपरेशन म्हटलं की भेटायला यावंच लागतं. नाही आलं तर पुढच्या लग्नात कुणी बोलत नाही. पहिल्या दिवशी गल्ली आली, दुसऱ्या दिवशी अप्पांच्या सौद्यातले व्यापारी सपत्नीक आले, आणि घरात इतकी शहाळी जमली की आईने कोथिंबिरीला शहाळ्याचं पाणी घातलं.

आणि रोज सकाळी पद्माआत्या यायची. अप्पांची थोरली बहीण. ती यायची ती जेवूनच जायची. आत्याचं स्वतःचं अपेंडिक्स चाळीस वर्षांपूर्वी काढलेलं, त्यामुळे या विषयात तिला आमच्या खानदानात मान होता.

"टाके दाखव बघू," पहिल्याच दिवशी आत्या म्हणाली.

आई म्हणाली, "दुर्बिणीतून काढलंय, वन्सं."

"मग भोकं दाखव."

"पट्टी लावलीय. उघडायची नाही म्हणालेत."

"मग पट्टी दाखव."

आई आत गेली. मेडिकलमधून आणलेली पट्टी तिने ताईच्या पोटावर चिकटवली, ड्रेस थोडा वर केला आणि आत्याला बोलावलं. आत्या बराच वेळ बघत राहिली.

"हे डावीकडं कसं काय गं? अपेंडिक्स उजवीकडं असतंय."

मी दाजींकडे बघितलं. दाजी डाळिंब सोलत होते. तासगावात आल्यापासून त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं.

"हिचं डावीकडे होतं," अप्पा म्हणाले.

"डावीकडं?"

"लाखात एखाद्याला असतं. डॉक्टरसुद्धा बघायला जमले होते."

संध्याकाळपर्यंत ही बातमी सिद्धेश्वर चौकापर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी येणारी माणसं नुसतं अपेंडिक्स बघायला येईनात, ती डावीकडचं अपेंडिक्स बघायला यायला लागली. एका व्यापाऱ्याने विचारलं, लहानपणी लिहायची ती पण डाव्या हाताने का? अप्पांनी होय म्हणून सांगितलं. ताई उजव्या हाताने लिहिते. तिने पडल्या पडल्या डावा हात वर करून सगळ्यांना नमस्कार केला. तिच्यातला तेवढा विनोद अजून शाबूत होता. तो शेवटचा. त्यानंतर ती कमीच बोलायला लागली.

दूध आलं तेव्हा आत्या समोरच बसली होती. ताईच्या ड्रेसवर दोन ओले गोल उमटले. ताईने खाली बघितलं आणि मग माझ्याकडे. मला वाटलं, आता सगळं कोसळणार.

"शहाळं सांडलं," आई म्हणाली आणि तिच्या अंगावर शाल टाकली. एप्रिल महिना होता.

आत्याने आपल्या हातातलं शहाळं खाली ठेवलं.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, तिला थंडी वाजतीय. कपाळ गरम आहे. मॅडमनी काय सांगितलं होतं?"

"दूध आल्यावर येतो तेवढा ताप. मला पण यायचा."

"आणि रक्त? तिने सकाळपासून किती वेळा बदललंय, तुला माहितीये का?"

"हळू बोल. बाहेर गायकवाड मंडळी बसलीत."

"मिरजेला फोन करूया."

"ही मंडळी उठू देत, मग करू. आता ताई गाडीत बसून निघाली तर ते विचारतील कुठं निघालात. अपेंडिक्सला परत कशाला नेतात कुणी?"

असं आमचं चाललं होतं. ताईचा जीव एका बाजूला आणि गायकवाडांचा चहा दुसऱ्या बाजूला. चहा अजून उकळत होता.

मी बाहेर आले तर ताई पांढरी पडली होती. ओठसुद्धा. दाजी तिचा हात धरून बसले होते, आणि पहिल्यांदाच त्यांच्या हातात डाळिंब नव्हतं.

"हिला बरं वाटत नाहीये," दाजी म्हणाले. तासगावात आल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य. आणि ते म्हणून झाल्यावर त्यांनी अप्पांकडे बघितलं, हे बोलायला परवानगी होती का अशा नजरेने.

"उपाध्ये डॉक्टरांना बोलावते," पद्माआत्या म्हणाली आणि कुणी काही म्हणायच्या आत फोन लावलाही.

उपाध्ये डॉक्टर आमचे जुने. आमच्या सगळ्यांच्या गोवर-कांजिण्या त्यांनीच काढलेल्या. ते स्कूटरवरून आले ते थोडे रुसूनच आले, कारण डावीकडचं अपेंडिक्स त्यांना बाजारात भाजीवाल्याकडून कळलं होतं.

"मला न विचारता मिरजेला," ते पिशवी ठेवत म्हणाले. "असू दे. कुणी केलं ऑपरेशन?"

"मोठ्या डॉक्टरांनी," अप्पा म्हणाले.

"नाव?"

"मोठे आहेत."

डॉक्टरांनी ताप बघितला, नाडी बघितली. त्यांचा रुसवा हळूहळू उतरायला लागला आणि कपाळावर आठ्या आल्या. "नाडी फार जोरात आहे. टाके पिकलेत की काय? पट्टी काढा."

"काढायची नाही म्हणालेत," आई म्हणाली.

डॉक्टरांनी स्वतःच पट्टी ओढून काढली.

खाली पोट होतं. स्वच्छ, सपाट होत आलेलं, कुठे ओरखडासुद्धा नाही. डॉक्टर बघत राहिले. आत्या बघत राहिली. गायकवाड मंडळी बशी हातात धरून बघत राहिली.

"जखम कुठाय?" डॉक्टर म्हणाले.

"भरून आली," अप्पा म्हणाले.

"चार दिवसांत? खूण पण नाही?"

"मिरजेचे डॉक्टर फार हुशार आहेत."

मला अजूनही कधी कधी हे आठवून हसू येतं आणि मग स्वतःचीच भीती वाटते. कारण अप्पा चेष्टा करत नव्हते. पोटची पोर समोर गार पडत चालली होती आणि हा माणूस अपेंडिक्स धरून बसला होता, कारण ते सोडलं तर दुसरं काय धरायचं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "मग कदाचित पोटात गॅस..."

ताईने माझं बोट धरलं. तिची बोटं बर्फासारखी होती.

"सांग," ती म्हणाली.

"काय सांग?" आई म्हणाली. "काही नाही हो डॉक्टर, ती ग्लानीत..."

"मनू, सांग. मला होत नाहीये."

मग मी सांगितलं. आवाज माझाच होता, पण जरा जास्तच मोठा निघाला. "डॉक्टर, हिचं अपेंडिक्स जागेवर आहे. उजवीकडे. हिचा बाविसाव्या आठवड्यात गर्भपात केलाय, गोळ्या देऊन. बाळाला कवटी नव्हती. सकाळपासून खूप रक्त जातंय आणि वास येतोय. मिरजेच्या मॅडम म्हणाल्या होत्या वारेचा तुकडा राहू शकतो, आणि असं झालं तर थांबायचं नाही. आणि आम्ही थांबलोय."

गायकवाडबाईंची बशी वाजली.

उपाध्ये डॉक्टरांचा चेहरा एका क्षणात बदलला. त्यांना गॅसपेक्षा हे फार सोपं पडलं असावं. "शिरेतून सलाईन लावतो, गाडी काढा," ते म्हणाले. "मिरजेला फोन करा, रक्ताची तयारी ठेवा म्हणावं. बाकीच्यांनी बाहेर व्हा. बाहेर!"

गायकवाड मंडळी उठली. दारात गायकवाडबाई आईला म्हणाल्या, "काळजी घ्या हं वहिनी. अपेंडिक्स फार वाईट."

मी बघतच राहिले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी एवढ्या मोठ्याने बोलले होते की समोरच्या घरातला रेडिओ बंद झाला होता.

गाडी दाजींनी चालवली. इतकी जोरात आणि इतकी चांगली चालवली की मला वाटलं, या माणसाला आठवडाभर उगाच डाळिंबाला बसवलं. मागे ताई आडवी होती, तिचं डोकं पद्माआत्याच्या मांडीवर. आत्याला कुणी चल म्हटलं नव्हतं. ती आधीच गाडीत जाऊन बसली होती. मी पुढे बसून सलाईनची बाटली उंच धरली होती. आई-अप्पा दुसऱ्या गाडीने मागून आले.

मिरजेला मगदूम मॅडमनी ताईला सरळ आत घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. तुकडा राहिला होता. काढला. इन्फेक्शन सुरू झालं होतं, औषधं चालू केलीत. दोन बाटल्या रक्त चढवलं. "पिशवी शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "पुढे मूल होऊ शकेल. हे असं होतं कधी कधी, यात कुणाची चूक नाही. पण ताप आल्या आल्या का नाही आणलं? अजून थोडा उशीर केला असता तर मला तुमच्याशी हे बोलता आलं नसतं."

अप्पा भिंतीकडे तोंड करून उभे होते. आई म्हणाली, "पाहुणे होते."

मॅडमनी आईकडे बघितलं. असं उत्तर त्यांना कॉलेजात शिकवलेलं नसणार.

मी आणि आत्या बाकावर बसलो. आत्याच्या लुगड्याला ताईचं रक्त लागलं होतं. ती ते बोटाने खरवडत होती.

"आत्या, तुला पट्टी डावीकडे दिसली तेव्हाच कळलं होतं ना?"

"त्याच्या आधीच."

"कसं?"

आत्याने इकडे तिकडे बघितलं. "माझं बी अपेंडिक्स तसलंच होतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"पाच महिन्यांचं?"

"सहा. बाळ आतच गेलं होतं. तवा गोळ्या कुठल्या आल्यात. सांगलीला नेलं, आठवडाभर तापानं फणफणत होते. परत आले तर तुझ्या आजीनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं, पद्मीचं अपेंडिक्स काढलं." तिने रक्ताचा डाग पुन्हा खरवडला. "मग लोक विचारायचे, कसं होतं, किती दुखलं. मी सांगत गेले. चाळीस वर्सं सांगितलं. आता मलाच खरं वाटतंय."

"कुणालाच बोलली नाहीस?"

"आत्ता बोलले की."

त्या दिवसापासून आमच्या खानदानातल्या बायकांचे आजार माझ्या मनात एकेक करून उभे राहायला लागले. मोठ्या काकूंची कावीळ. मामींचा तो न सापडलेला अल्सर. कोल्हापूरच्या वहिनींचं कंबरेचं दुखणं, ज्यासाठी त्या महिनाभर माहेरी होत्या. आम्ही बहुधा महाराष्ट्रातलं सगळ्यात आजारी घराणं आहोत, आणि पुरुषांना मात्र मुतखड्यापलीकडे काही होत नाही.

ताई घरी आली तेव्हा मला वाटलं, आता तरी बोलतील. खोलीभर माणसांनी ऐकलेलं. डॉक्टरांनी ऐकलेलं. पण दुसऱ्याच दिवशी शेजारच्या बाई पुन्हा आल्या आणि त्यांनी "आता कशी आहे" असं विचारलं. आईने ताईची शाल सारखी केली. तेव्हा पद्माआत्या पुढे सरसावली. तीच आत्या, जिच्या लुगड्याला ताईचं रक्त लागलं होतं.

"बरी आहे," आत्या म्हणाली. "अपेंडिक्सचा तुकडा आत राहिला होता. डावीकडचं असलं की राहतोय कधी कधी."

शेजारच्या बाईंनी मान डोलावली. "होतं असं. माझ्या जावेचा पण राहिला होता."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. फार वेळ. मग आत्याने त्यांना शहाळं दिलं.

चार वर्षांनी ताईला पुन्हा दिवस गेले. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, हे कितवं? सासूबाई म्हणाल्या, पहिलंच. ताई म्हणाली, दुसरं. सासूबाई हसून डॉक्टरांना म्हणाल्या, "अपेंडिक्स धरून सांगतीय ती." डॉक्टरांनी ताईला नीट सगळं विचारून घेतलं आणि सासूबाईंना बाहेर बसवलं. मुलगा झाला. ठणठणीत आहे, कवटी तर जरा जास्तच टणक आहे. बारशाला सगळे आले होते. मोठ्या काकू पाळण्याशी वाकून म्हणाल्या, "पहिलंवहिलं लेकरू." ताई तेव्हा स्वयंपाकघरात निघून गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. भांडी सगळी आधीच घासून झालेली होती. मी बघितलं होतं.

ती त्या बाळासाठी अजून एकदाही रडलेली नाही. कुणाच्या समोर रडणार? जे गेलंच नाही त्याच्यासाठी कसं रडणार? आमच्यात नियम कडक आहेत. म्हणून मी रीतसर मार्गाने जायचं ठरवलं आणि पुढील अर्ज घरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तेहतीस जणांनी वाचला. एकाने हात जोडलेले पाठवले. पाच मिनिटांनी अप्पांनी बेदाण्याचा आजचा भाव टाकला.

प्रति,
आमच्या घरातील समस्त वडीलधारी मंडळी,
तासगाव व पुणे.

विषय : एक तास मिळणेबाबत.

महोदय / महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आपल्या सोयीच्या कोणत्याही एका रविवारी, सकाळी अकरा ते बारा या वेळेत, सर्वांनी एकत्र बसून माझ्या बहिणीस एक बाळ होते व ते गेले, एवढे मान्य करावे. या वेळेत कोणीही शाल टाकू नये, पाहुण्यांस चहा देऊ नये व हळू रड असे सांगू नये. श्रीमती पद्माआत्या यांचे प्रकरण अधिक जुने असल्याने त्यांना प्राधान्य देण्यात यावे. बारा वाजल्यानंतर सर्वांनी पूर्ववत काही घडलेच नाही असे समजण्यास अर्जदाराची हरकत नाही.

तरी सदर अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन मंजुरीचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.

आपली आज्ञाधारक,
मनू